सॉफ्टवेअर काढताना कम्प्युटर कोणती नोंद वाचतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून सॉफ्टवेअर काढण्याबद्दल प्रश्न येत राहतात. विचारणारे सेतू केंद्रवाले असतात, छापखानेवाले असतात, अडत दुकानात हिशेब सांभाळणारे असतात, शाळेच्या लॅबचे शिक्षक असतात. अडचणी निरनिराळ्या दिसल्या तरी मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. आपल्यात काय टाकलंय हे ऑपरेटिंग सिस्टीमला एका नोंदीवरून कळतं. ती नोंद कोणी लिहिली आणि किती पूर्ण लिहिली, यावर सॉफ्टवेअर नीट निघणार की नाही हे ठरतं. विंडोजचे प्रश्न सर्वांत जास्त येतात, म्हणून ते आधी घेतले आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डेस्कटॉपवरचं आयकॉन डिलीट केलं. सॉफ्टवेअर गेलं ना?

नाही. आयकॉन म्हणजे शॉर्टकट. सॉफ्टवेअरची फाइल कुठे आहे एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ते गेल्याने डिस्कवरची जागा सुटत नाही आणि मागे चालणारी कामंही थांबत नाहीत.

२. मग सॉफ्टवेअर नेमकं कुठे कुठे बसतं?

मुख्य फाइल्स बहुधा सी ड्राइव्हच्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये जातात. सगळ्या युजरना लागणारा डेटा 'प्रोग्राम डेटा'त जातो, तर एकेका युजरच्या सेटिंग्ज त्याच्या 'अ‍ॅपडेटा'त. हे दोन्ही फोल्डर लपवलेले असतात. याशिवाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं त्या डेटाबेसमध्ये, नोंदी होतात, स्टार्ट मेनूत शॉर्टकट येतात, कधी मागे चालणारी सर्व्हिस बसते, कधी ड्रायव्हर (जोडलेलं मशीन चालवणारा प्रोग्राम), कधी फॉन्ट, कधी ठरावीक वेळी चालणारं शेड्यूल्ड टास्क. अमुक प्रकारची फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने उघडायची, हेही बदललेलं असू शकतं. इतक्या ठिकाणी पसरलेली वस्तू एक फोल्डर उडवून निघत नाही.

३. कोणतं सॉफ्टवेअर टाकलंय हे विंडोजला कळतं कसं?

सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स' उघडून 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'वर गेलं की जी यादी दिसते, ती विंडोजने डिस्क शोधून तयार केलेली नसते. नेहमीच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरची नावं रजिस्ट्रीतल्या एका ठरलेल्या जागेवरून वाचली जातात. 'एचकी लोकल मशीन'मध्ये 'सॉफ्टवेअर', त्यात 'मायक्रोसॉफ्ट', मग 'विंडोज', मग 'करंट व्हर्जन' आणि शेवटी 'अनइन्स्टॉल'. इथे प्रत्येक सॉफ्टवेअरची एक उपनोंद असते. तिच्यात 'डिस्प्ले नेम' म्हणजे यादीत दिसणारं नाव, आवृत्ती, बनवणाऱ्याचं नाव, फोल्डर आणि सर्वांत महत्त्वाची 'अनइन्स्टॉल स्ट्रिंग' असते. तुम्ही अनइन्स्टॉल दाबता तेव्हा विंडोज या स्ट्रिंगमध्ये लिहिलेली आज्ञा चालवतं. पुढचं काम त्या सॉफ्टवेअरने स्वतः आणलेला अनइन्स्टॉलर करतो.

६४ बिट विंडोजवर ३२ बिट सॉफ्टवेअरची नोंद 'वॉव ६४३२ नोड' या वेगळ्या फांदीत असते. फक्त एका युजरसाठी टाकलेल्या सॉफ्टवेअरची नोंद 'एचकी करंट युजर'मध्ये असते. यादी दाखवताना विंडोज या सगळ्या जागा एकत्र करतं.

आता मुख्य मुद्दा. ही नोंद लिहितो कोण? सॉफ्टवेअरचा सेटअप स्वतः. ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या शेतातल्या पिकाची नोंद आपणच करतो, तसंच हे. केळी लावली आणि केळी लिहिली तर नोंद खरी. काहीच लिहिलं नाही तर शेत असूनही पीक दिसत नाही. खाली येणारे निम्मे प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

विंडोज ९५ मध्ये कंट्रोल पॅनेलात 'अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्राम्स' आलं. पुढे त्याचं नाव आणि रूप बदललं, पण ही जुनी पद्धत अजून चालू आहे.

४. यादीत आकार आणि तारीख चुकीची का दिसते?

तेही सेटअपच लिहितो. 'एस्टिमेटेड साइज' हा टाकतानाचा अंदाज असतो. नंतर हिशेबाचा डेटा कितीही वाढला तरी तो आकडा आपोआप बदलत नाही. जागा मोकळी करायची असेल तर या रकान्यावर विसंबू नका. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये खरा आकार पाहा.

५. प्रोग्राम फाइल्समधला फोल्डरच उडवला. नाव अजून यादीत आहे आणि अनइन्स्टॉल दाबलं की एरर येते. आता काय?

फोल्डरबरोबर अनइन्स्टॉलरही गेला. अनइन्स्टॉल स्ट्रिंग ज्या फाइलकडे बोट दाखवते ती फाइलच राहिली नाही.

पहिला उपाय सर्वांत चांगला आहे: त्याच आवृत्तीचं सॉफ्टवेअर त्याच जागी पुन्हा टाका आणि लगेच यादीतून रीतसर काढा. सर्व्हिस, ड्रायव्हर, टास्क, सगळं त्यासोबत निघतं. लोकांना हा उलटा रस्ता वाटतो, पण यातच सर्वांत कमी धोका आहे.

सेटअप मिळत नसेल तर जुन्या 'प्रोग्राम्स अँड फीचर्स'मधून अनइन्स्टॉल करून पाहा. फाइल सापडली नाही की विंडोज बऱ्याचदा विचारतं, 'हे आधीच काढलेलं दिसतं, यादीतून नाव काढू का?' हो म्हटलं तर फक्त नाव जातं. प्रश्न २ मधल्या बाकीच्या जागा तशाच राहतात, हे लक्षात ठेवा. बिघडलेल्या नोंदींसाठी मायक्रोसॉफ्टचं 'प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर'ही आहे. रजिस्ट्रीत हात घालून उपनोंद काढणं हा शेवटचा उपाय समजा. तिथेही ती नोंद आधी 'एक्सपोर्ट' करून ठेवा. चुकीची नोंद उडाली तर रजिस्ट्रीत 'अनडू' नाही.

६. रीतसर अनइन्स्टॉल केलं तरी फोल्डर उरतो. हे अपुरं काम झालं का?

बहुतेक वेळा नाही. चांगला अनइन्स्टॉलर स्वतः आणलेल्याच फाइल्स उचलतो. 'इनो सेटअप' या सेटअप तयार करण्याच्या साधनाने बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरात 'अनइन्स०००' नावाच्या दोन फाइल्स दिसतील. एक चालणारी, दुसरी डेटाची. टाकताना काय काय ठेवलं याची वही म्हणजे ती दुसरी फाइल. काढताना तीच वाचली जाते. नंतर तुम्ही तयार केलेली बिलं, खतावण्या, बॅकअप त्या वहीत नसतात, म्हणून ते हलत नाहीत. तसंच असायला हवं. अडत दुकानाचा वर्षाचा हिशेब सॉफ्टवेअरसोबत जाणं कोणालाच परवडणार नाही.

मात्र सगळेच अनइन्स्टॉलर असे नसतात. काही ठिकाणी सेटअप बांधणाराच 'काढताना हे हे पुसा' अशी यादी हाताने लिहितो, आणि काही जण 'अख्खा फोल्डर पुसा' एवढंच लिहून मोकळे होतात. डेटा त्याच फोल्डरात असेल तर तोही जातो. म्हणून हिशेबाचं सॉफ्टवेअर काढण्याआधी डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवर तो उघडतो का ते पाहा. नुसती कॉपी पुरेशी नाही, ती उघडली पाहिजे.

७. 'विंडोज' फोल्डरात 'इन्स्टॉलर' नावाचा लपलेला फोल्डर कित्येक जीबीचा आहे. काढू का?

अजिबात नको. या फोल्डरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जागा कमी पडली की पहिला घाव इथेच बसतो.

१९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत 'विंडोज इन्स्टॉलर' आला आणि 'एमएसआय' प्रकारच्या सेटअप फाइल्स सुरू झाल्या. यात प्रश्न ३ मधली स्थिती बदलते. एमएसआय फाइल हा एक छोटा डेटाबेस असतो: कोणत्या फाइल्स, कुठे ठेवायच्या, रजिस्ट्रीत काय लिहायचं. टाकण्याचं काम विंडोजची स्वतःची सर्व्हिस करते, त्यामुळे काय टाकलं याची नोंदही विंडोजकडेच राहते. प्रत्येक सॉफ्टवेअरला महिरपी कंसातला एक लांबलचक 'प्रॉडक्ट कोड' असतो, आणि काढताना त्या कोडवरूनच ओळख पटते.

पुढे दुरुस्ती करताना किंवा काढताना तो डेटाबेस पुन्हा लागतो. म्हणून त्याची प्रत या लपलेल्या फोल्डरात ठेवलेली असते. ती पुसली तर सॉफ्टवेअर चालत राहतं, त्यामुळे काही बिघडलं नाही असं वाटतं. काही महिन्यांनी अपडेट येतं किंवा ते काढायची वेळ येते, आणि विंडोज म्हणतं, 'अमुक एमएसआय फाइल दाखवा'. तेव्हा मूळ सीडी किंवा सेटअप शोधावा लागतो. जागा हवी असेल तर 'डिस्क क्लीनअप' वापरा, हा फोल्डर सोडा.

८. सेफ मोडमध्ये जाऊन काढायला गेलो तर 'विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस' मिळत नाही असं येतं. का?

प्रश्न ७ मधली सर्व्हिस सेफ मोडमध्ये मुळात सुरूच होत नाही. म्हणून एमएसआयने टाकलेलं सॉफ्टवेअर तिथून निघत नाही. स्वतःचा अनइन्स्टॉलर असलेलं सॉफ्टवेअर निघू शकतं. साध्या मोडमध्ये परत या आणि ते सॉफ्टवेअर, त्याची सर्व्हिस बंद करून प्रयत्न करा.

९. यादीत 'व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल' आठ-दहा वेळा आहे. एक ठेवून बाकी काढू?

नका काढू. एका मशीनवर अनेक सॉफ्टवेअरना लागणाऱ्या या सामाईक फाइल्स आहेत. २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ यांचे संच वेगवेगळे आहेत, एक दुसऱ्याची जागा घेत नाही. २०१५ पासून २०२२ पर्यंतचा मात्र एकच संच आहे. शिवाय प्रत्येकाचे ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन संच असतात. म्हणून यादी लांब दिसते.

सामाईक फाइल कधी पुसायची, यासाठी विंडोजकडे मोजणीची पद्धत आहे. फाइल किती जण वापरतात याचा आकडा ठेवतात. एक सॉफ्टवेअर निघालं की आकडा एकने कमी, शून्यावर आला की फाइल काढता येते. अडचण अशी की सगळे सेटअप हा आकडा प्रामाणिकपणे वाढवत नाहीत. म्हणूनच काढताना 'ही सामाईक फाइल आता कोणी वापरत नाही असं दिसतं, पुसू का?' असा प्रश्न आला तर मी नेहमी 'नको' म्हणायला सांगतो. काही एमबी वाचवण्यासाठी दुसरं चालू सॉफ्टवेअर बंद पाडण्यात अर्थ नाही.

१०. सॉफ्टवेअर चालतंय, पण यादीत नावच नाही. असं कसं?

कारणं बरीच आहेत. ते पोर्टेबल असेल, म्हणजे सेटअप न चालवता नुसतं कॉपी केलेलं. त्याची नोंदच झालेली नाही, तिथे फोल्डर उडवणं हाच योग्य मार्ग. ते दुसऱ्या युजरच्या लॉगिनमधून, फक्त त्याच्यापुरतं टाकलेलं असेल. शाळेच्या लॅबमध्ये हे फार होतं: विद्यार्थ्याने आपल्या लॉगिनमध्ये ब्राउझर किंवा गेम टाकलेला असतो आणि शिक्षकांच्या लॉगिनमध्ये तो दिसत नाही. त्या लॉगिनमध्ये जाऊनच काढा.

तिसरं कारण, सेटअपने नोंदीत 'सिस्टम कंपोनंट' असा मूल्य १ चा शेरा मारलेला असेल. तो असला की विंडोज ते नाव यादीत दाखवत नाही. मोठ्या सॉफ्टवेअरचे उपभाग असे लपवणं रास्त आहे, पण नको असलेली सॉफ्टवेअरही हीच वाट वापरतात. आणि चौथं, ते सॉफ्टवेअर नसून ब्राउझरचं एक्स्टेन्शन असेल. ते ब्राउझरच्या आतच सापडेल.

११. सेतू केंद्रात अंगठ्याचं मशीन बदललं. जुन्याचं सॉफ्टवेअर काढलं तरी नवं नीट चालत नाही.

बायोमेट्रिक मशीनच्या बाबतीत तीन वेगळ्या वस्तू असतात: ड्रायव्हर, मागे चालणारी आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस, जी ठसा आधारच्या पडताळणीसाठी सुरक्षितपणे पुढे देते, आणि कधी एक छोटं सपोर्ट सॉफ्टवेअर. यादीत त्यांच्या दोन-तीन नोंदी असू शकतात. एक काढून थांबू नका, त्या कंपनीच्या नावाने यादी शोधा.

ड्रायव्हरचा हिशेब विंडोज आणखी वेगळा ठेवतं. 'ड्रायव्हर स्टोअर' नावाच्या साठ्यात त्याची प्रत असते. म्हणून जुनं मशीन लावताच ड्रायव्हर आपोआप परत येतो. तो साठ्यातून काढायचा असेल तर मशीन जोडलेलं असताना 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये अनइन्स्टॉल करताना 'ड्रायव्हरही पुसा' या चौकटीत खूण करा. मग रीस्टार्ट, आणि त्यानंतर नवं मशीन.

१२. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर काढलं तर सही जाईल का?

नाही. सहीची खाजगी किल्ली टोकनच्या आत असते, कम्प्युटरवर नाही. दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकून टोकन लावलं की सही चालते. मात्र टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' असा पर्याय असतो, त्याला हात लावू नका. त्याने टोकन रिकामं होतं आणि सही नव्याने घ्यावी लागते.

१३. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर काढलं आणि लग्नपत्रिकांच्या फाइल्समध्ये अगम्य इंग्रजी अक्षरं दिसायला लागली.

मजकूर शाबूत आहे, फॉन्ट गेले आहेत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फाइल्समध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. ठरावीक फॉन्ट असला तरच ती मराठी दिसतात. काही अनइन्स्टॉलर आपले फॉन्ट सोबत नेतात, काही ठेवून जातात. त्याला एक नियम नाही.

छापखान्यात असं सॉफ्टवेअर काढण्याआधी त्याचे सगळे फॉन्ट वेगळे जपून ठेवा. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरात पाहाच, पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट एकाच युजरसाठीही टाकता येतो आणि तो त्याच्या 'अ‍ॅपडेटा'त बसतो. तिथेही पाहा. आणि जमेल तेव्हा जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये आणा. तीस वर्षांचं काम एका फॉन्टच्या भरवशावर ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

१४. 'सगळं मुळासकट काढतो' म्हणणारी क्लीनर सॉफ्टवेअर वापरावीत का?

यात दोन प्रकार आहेत. काही क्लीनर एखादं सॉफ्टवेअर टाकण्याआधीची आणि नंतरची स्थिती ताडून स्वतःची यादी करतात. असा क्लीनर आधीपासून असेल तरच त्याचा उपयोग. दुसरे मागाहून अंदाजाने 'उरलेल्या' नोंदी शोधतात, आणि अंदाज चुकतो. रजिस्ट्रीत पडून राहिलेल्या चार ओळींनी मशीन संथ होत नाही. रजिस्ट्री क्लीनरना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. माझं मत स्पष्ट आहे: नको.

१५. शाळेत उबुंटू (विंडोजऐवजी वापरायची लिनक्स सिस्टीम) आहे. तिथे हा घोळ का होत नाही?

कारण तिथे नोंद सॉफ्टवेअर लिहीत नाही, पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारा-काढणारा सिस्टीमचाच प्रोग्राम, लिहितो. तिथे सॉफ्टवेअर 'पॅकेज' नावाच्या गठ्ठ्यात येतं. उबुंटू डेबियन या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमवर उभं आहे आणि डेबियनचा 'डीपीकेजी' प्रत्येक पॅकेजच्या प्रत्येक फाइलची यादी 'व्हार' फोल्डरातल्या 'लिब'मध्ये, 'डीपीकेजी' नावाच्या जागी ठेवतो. कोणतीही फाइल दाखवून 'ही कोणाची?' असं त्याला विचारता येतं आणि उत्तर मिळतं. विंडोजवर असा प्रश्न सहज विचारताच येत नाही. सी-डॅकची बॉस लिनक्सही डेबियनवरच आधारलेली आहे, तिलाही हेच लागू.

'रिमूव्ह' आणि 'पर्ज' यांतला फरक मात्र समजून घ्या. 'रिमूव्ह'ने सॉफ्टवेअर जातं, सिस्टीमभरच्या कॉन्फिगरेशन फाइल्स राहतात. 'पर्ज'ने त्याही जातात. युजरच्या होम फोल्डरातल्या सेटिंग्जना दोन्ही हात लावत नाहीत. 'ऑटोरिमूव्ह' हे केवळ दुसऱ्यासाठी आपोआप आलेली आणि आता कोणालाच न लागणारी पॅकेजेस काढतं. 'एंटर' दाबण्याआधी ती यादी वाचा.

अपवाद आहेच. सोर्समधून, म्हणजे मूळ प्रोग्राम स्वतः बांधून, 'मेक इन्स्टॉल' या आज्ञेने टाकलेलं काहीही पॅकेज मॅनेजरला माहीत नसतं. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या सॉफ्टवेअर टाकण्याच्या दुसऱ्या पद्धतींच्या नोंदीही वेगळ्या असतात.

१६. मॅकवर अ‍ॅप ट्रॅशमध्ये टाकलं की पुरे का?

साध्या अ‍ॅपसाठी जवळपास पुरे, कारण अ‍ॅप हा एकच गठ्ठा असतो. युजरच्या 'लायब्ररी'त सेटिंग्ज उरतात. 'पीकेजी' सेटअपने टाकलेल्या सॉफ्टवेअरची पावती मॅक ठेवतो, पण ती पावती वापरून सगळं काढणारी आज्ञा त्यात नाही. तिथे बनवणाऱ्याचा अनइन्स्टॉलर शोधा.

१७. अँड्रॉइडवर अनइन्स्टॉल इतकं सोपं कसं?

प्रत्येक अ‍ॅपला टाकतानाच वेगळा क्रमांक मिळतो, १०००० पासून पुढचा, आणि त्याचा खाजगी डेटा त्या क्रमांकाच्या मालकीच्या बंद फोल्डरात राहतो. पॅकेजचं नाव, क्रमांक, सही (अ‍ॅप बनवणाऱ्याची डिजिटल खूण), परवानग्या हे सगळं सिस्टीमच नोंदवते. काढताना तो फोल्डर पुसला की झालं. 'डाउनलोड' किंवा 'पिक्चर्स' अशा सामाईक जागी ठेवलेल्या फाइल्स मात्र राहतात.

१८. फोनसोबत आलेलं अ‍ॅप निघत नाही, आणि एका अ‍ॅपचं अनइन्स्टॉल बटणच दाबलं जात नाही.

ही दोन वेगळी कारणं. फोनसोबत आलेलं अ‍ॅप केवळ वाचता येणाऱ्या भागात असतं. तिथे 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आणि 'डिसेबल' एवढंच करता येतं, आणि रोजच्या वापराला ते पुरतं. बटण बंद असेल तर त्या अ‍ॅपला 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'चा अधिकार दिलेला असतो. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स' शोधा, खूण काढा, मग ते निघेल. हप्त्यावर घेतलेल्या फोनमधलं लॉकचं अ‍ॅप याहून वरच्या अधिकाराने बसलेलं असू शकतं. हप्ते फिटल्यावर ते काढून देण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची. तसं लेखी मागून घ्या.

१९. अ‍ॅप काढलंय, यादीतही नाही, तरी पुन्हा टाकताना 'अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड' येतं.

फोनवर दुसरा युजर, 'सेकंड स्पेस' किंवा 'ड्युअल अ‍ॅप' आहे का पाहा. एकाच्या खात्यातून काढलं तरी दुसऱ्याच्या खात्यात ते असेल तर सिस्टीमच्या नोंदीत पॅकेज कायम असतं. नव्या फाइलची सही जुनीशी जुळली नाही की अँड्रॉइड नकार देतं. दोन्हीकडून काढा. दोन्हीकडून काढूनही सही न जुळण्याची शंका राहिली, तर ती एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची सेटअप) फाइल मूळ बनवणाऱ्याची आहे का हे आधी तपासा.

२०. यूपीआयचं अ‍ॅप काढलं म्हणजे बँक खातंही सुटलं ना?

नाही. अनइन्स्टॉल फोनवरची नोंद पुसतं, बँकेकडची किंवा सर्व्हरवरची नाही. अ‍ॅप काढण्याआधी आत जाऊन खातं डीलिंक करा आणि यूपीआय आयडी बंद करा. ऑटोपेचे मँडेट (ठरावीक वेळी आपोआप पैसे कापण्याची संमती) असतील तर तेही रद्द करा. प्ले स्टोअरवरून घेतलेली सबस्क्रिप्शनही अ‍ॅप काढल्याने थांबत नाही. प्ले स्टोअरच्या 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते.